चंद्रावरचं हॉटेल, सात महिन्यांनंतर

आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडचा २०१३ चा अल्बम 'एएम' पार पाठ झाल्यावरच मी त्यांच्या पुढच्या, म्हणजे २०१८ च्या 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कॅसिनो'कडे वळलो. उशिराच. (नावातलं ट्रँक्विलिटी बेस म्हणजे माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला ती जागा.) पहिल्या दिवशी चौथ्या गाण्यापाशी बंद केला. 'एएम' सुरूच अशा रिफने, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्याने, होतो की मान आपोआप डोलायला लागते. इथे मात्र हॉटेलच्या लॉबीत कुणीतरी पियानोशी बसून स्वतःशीच बडबडतंय, असं वाटलं. गिटार गेली कुठे?

मग वाचनात आलं की बँडचा गायक आणि गीतकार ॲलेक्स टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला पियानो भेट मिळाला आणि त्यावरच ही गाणी रचली गेली. तेव्हा कोडं जरा सुटलं. आधी रिफ असला की शब्दांना त्याच्या मापात बसावं लागतं. इथे वाक्य हवं तितकं लांबतं आणि चाल बिचारी त्याच्या मागून फिरते. मुखडा फारसा परतून येत नाही, त्यामुळे एकदा ऐकून गुणगुणावं असं काही हाती लागत नाही. बहुतेकांचा विरस होतो तो इथेच. माझाही झाला.

साधारण तिसऱ्या महिन्यात मला बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, ऐकू यायला लागला. स्पीकरवर, गप्पांच्या मागे लावलेला असताना तो नुसताच घुमत होता. रात्री हेडफोनवर, आवाज कमी ठेवून ऐकला तेव्हा लक्षात आलं की गिटारने रिकामी केलेली जागा बेस वाजवणाऱ्या निक ओ'मॅलीनेच भरून काढलीय. गाण्याला पुढे ढकलण्याचं काम तोच करतो. पियानो आणि ऑर्गन भोवती रेंगाळतात. त्यानंतर हा अल्बम मी दिवसा लावलेलाच नाही.

विनोदही हळूहळूच उमगतो. 'फोर आउट ऑफ फाइव्ह'मध्ये चंद्रावरच्या हॉटेलच्या गच्चीवर खाण्याचं ठिकाण निघतं आणि त्याला पाचपैकी चार तारे मिळतात. (हे आठवलं की परीक्षण लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतं.) शेवटाकडे हेच गाणं पट्टी बदलत वर चढतं आणि अख्खा बँड एकदम जागा होतो. नव्या श्रोत्याने सुरुवात इथून करावी.

तक्रार मात्र सात महिन्यांनीही तीच आहे: ड्रमर मॅट हेल्डर्स. २००६ च्या पहिल्या अल्बमवर त्याच्या मागे धावताना बाकीच्यांना धाप लागत असावी. इथे त्याला बहुतेक वेळ हळू बोलायला सांगितलंय. उत्तरार्धातली दोन-तीन गाणी मला अजूनही एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. शेवटचं संथ गाणं तेवढं सगळं सावरून घेतं.

चार माणसांत मी अजूनही 'एएम'च लावतो. २०२२ च्या 'द कार'मध्येही जुनी दणदणीत गिटार परतली नाही, उलट व्हायोलिनांचा ताफा वाढला. तो आतापर्यंत एकदाच ऐकलाय. चौथ्या गाण्यापाशी बंद केला नाही, एवढं खरं.