गळकं भांडं, गुणी साचा: शिशाच्या गोळ्या ओतण्याचे दोन हिवाळे

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवणं होऊन भांडी आवरेपर्यंत सात वाजतात आणि झोपायला अजून चार तास असतात. टीव्हीपुढे मला डुलकी लागते आणि बर्फ उपसला की पाठ धरते. म्हणून दोन वर्षांपूर्वी गॅरेजसाठी दोन वस्तू घेतल्या. एक, २० पौंड शिसं मावणारं, खालच्या तोटीने ओतणारं विजेचं भांडं. दुसरी, गोल गोळीचा ॲल्युमिनियमचा साचा, दोन घरांचा, ०.४९० इंची. भांडं एका कंपनीचं, साचा दुसरीचा. नावं मुद्दाम देत नाही. आमच्या क्लबातले म्हातारे सांगतात की तोटीचं भांडं कुणाचंही घ्या, आज ना उद्या गळतंच. मग एकाच्याच नावाने शंख कशाला करायचा?

गोळ्या लागतात, कारण माझ्याकडे पन्नास कॅलिबरची ठासणीची बंदूक आहे. हो, ठासणीचीच. तोंडातून दारू घालायची, वरून गोळी गजाने ठासायची, मग बार काढायचा. इथे नोव्हेंबरात हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम संपला की लगेच ठासणीवाल्यांचे दहा दिवस सुरू होतात, त्यामुळे दुकानांत हे सामान सहज मिळतं. मी शिकारीला जात नाही. पन्नास यार्डांवरचा कागद फाडतो आणि घरी येतो. आमच्या कुडाळकडच्या घरी अशीच एक परवान्याची बंदूक माळ्यावर असायची, शेतातून डुकरं हाकलायला. ती मला कधी हातात मिळाली नाही. आजोबा परसात पागाच्या जाळ्याला लावायचं शिसं ओतायचे, ते तेवढं लांबून बघायला मिळायचं. जवळ सरकलो की ओरडा, ‘खंय रे हात घालतस?’

(तिकडच्या कुणी हे वाचून हुरूप येऊ देऊ नये. इथे स्वतःपुरत्या गोळ्या ओतायला परवाना लागत नाही. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि पोलिसांना ‘हिवाळ्याचा छंद आहे हो’ हे सांगून पटणार नाही.)

आधी साच्याबद्दल, कारण त्याचं कौतुक करायचंय. वही मिटावी तसे दोन ठोकळे एकमेकांवर मिटतात, वर एक सरकती पट्टी. पट्टीतल्या भोकातून शिसं आत जातं. वर जे थिजतं तो देठ. ते चकाकायचं थांबून मंद झालं की पट्टीला कडेने एक टोला द्यायचा, देठ कापला जातो. साचा उघडला की दोन गोळ्या टपकन जुन्या टॉवेलवर पडतात. टोल्यासाठी मी घरातलं तुटकं लाटणं घेतलंय. बायकोने बजावून ठेवलंय, ‘अहो, ते लाटणं आता मेलं समजा, स्वयंपाकघरात परत दिसता कामा नये.’ बरोबरच आहे. शिशाच्या कामाला एकदा लागलेली वस्तू पुन्हा अन्नाजवळ जाता कामा नये.

गार साच्यातून निघालेल्या गोळ्या सुरकुतलेल्या असतात. पहिल्या दहा-बारा तर हमखास. बिडाच्या तव्यावरचं पहिलं घावणं कधी नीट सुटतं का? तसंच हे. त्या गोळ्या निमूट परत भांड्यात टाकायच्या. साच्याचा कोपरा वितळलेल्या शिशात बुडवून धरायचा. शिसं चिकटून न येता स्वच्छ सुटलं की साचा तापला. उणे बारा अंशांत, अर्धवट उघड्या दारात बसून हे करायचं तर दर दोन मिनिटांनी साचा गार पडतो, म्हणून मी शेजारी एक जुनी विजेची शेगडी ठेवतो आणि हात थांबला की साचा तिच्यावर. उलट फार तापला तर गोळी दवात भिजल्यासारखी पांढुरकी निघते. तीही बंदुकीत चालते, पण मला चकचकीतच आवडते.

दोन हिवाळ्यांत या साच्यातून हजारभर गोळ्या काढल्या असतील. ठोकळ्यांच्या कडा अजून जुळतात. गोळीवर पट्टा उठत नाही. वजन १७५ ते १७७ ग्रेनच्या दरम्यान. दोन ग्रेनांच्या फरकाने माझ्यासारख्याच्या नेमात काहीही फरक पडत नाही, पण वजनकाट्यावर एकेक ठेवत बसायला मजा येते. सात हजार ग्रेनांचा एक पौंड, म्हणजे पौंडात ३९ गोळ्या. एवढा साचा तीस डॉलरांत, मुठींसकट. डोळे मिटून घ्या.

आता भांडं.

पेटीतून काढलं तेव्हा देखणं होतं. वितळवतंही झकास, वीस-पंचवीस मिनिटांत. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, ओतायला मात्र चारशेच्या वर न्यावं लागतं. भांड्याच्या बटणावर एक ते नऊ आकडे आहेत आणि त्यांचा तापमानाशी संबंध आमच्या लग्नाच्या पत्रिकेतल्या मुहूर्ताचा प्रत्यक्ष लग्नाशी होता तेवढाच. वेगळा तापमापक घ्यावाच लागला, आणखी पंचवीस डॉलर.

तोटी आतून एका दट्ट्याने बंद होते. दांडी उचलली की दट्ट्या वर आणि धार चालू. दांडी सोडली की धार बंद, असं माहितीपत्रक म्हणतं. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्यात थेंब थेंब गळायला लागलं. कचऱ्याचा एक कण दट्ट्याखाली अडकला तरी पुरे. एकदा फोन आला म्हणून मी आत गेलो. पुण्याहून भाऊ बोलत होता, म्हणजे अर्धा तास. परत आलो तर भांड्याचं अभिषेकपात्र झालेलं, आणि खालच्या लोखंडी ताटात शिशाची गुळगुळीत, वीतभर उंचीची पिंड उभी! तापलेलं भांडं सोडून जायची ही माझी पहिली आणि शेवटची चूक. ताट नसतं तर ते सगळं थेट बाकावर आलं असतं. दट्ट्या काढून गाडीच्या व्हॉल्वसाठी मिळते त्या घोटायच्या पेस्टने तोटीत फिरवून घासला. महिनाभर ठीक चाललं, मग पुन्हा अभिषेक.

शेवटी गेल्या फेब्रुवारीत तोटीत स्क्रू फिरवून ती कायमची बंद केली आणि वरून पळीने ओतायला लागलो. आणि खरं सांगू? काम तेव्हापासून सुधारलं. पळीने ओतताना शिसं साच्याच्या तोंडाशी नीट टेकवता येतं, गोळीत पोकळी राहत नाही, हाताला एक लय सापडते. पळीचे आठ डॉलर. म्हणजे नळ असलेलं भांडं घेऊन, नळाचे जादा पैसे देऊन, मी तो नळ बुजवला.

शिसं मिळवणं हा वेगळाच उद्योग. गोल गोळीला शुद्ध, मऊ शिसं लागतं, कारण ती तेलकट चिंधीत गुंडाळून ठासतात आणि चिंधीची वीण तिच्यावर उमटली पाहिजे. जुना शिशाचा पाइप, छपरावरचे पत्रे, क्ष-किरणांच्या खोलीतले पत्रे चालतात. नखाने ओरखडा उठला की घ्यायचं. गाडीच्या चाकांना लावायच्या वजनांवर पूर्वी या छंदाचा संसार चालायचा. ती मुळातच जरा कडक, अँटिमनी मिसळलेली, त्यामुळे माझ्या कामाची नाहीतच. पण आता त्यांतली बरीच जस्ताची किंवा लोखंडाची असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणजे भांडं जरा जास्त तापलं की शिशात मिसळून सगळ्याची पेज करतं. गाडीच्या बॅटरीतलं शिसं मात्र फुकट मिळालं तरी नको. त्यातून विषारी वायू निघू शकतात.

शिसं पातळ झालं की मेणाचा सुपारीएवढा तुकडा टाकून ढवळायचं. धूर होतो, मग भपकन ज्वाळ, आणि मळी वर येते. ती काढून टाकली की खाली आरसा. दर वेळी मला कुडाळच्या बाजारातला कल्हईवाला आठवतो: तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट, पांढरा धूर, कथलाचा ठिपका आणि कापसाच्या बोळ्याचा एकच फेर. वास वेगळा, पण धुरातून चकाकी बाहेर येते ती तीच. माझ्या मते या छंदाच्या निम्म्या पैशांची वसुली या एका मिनिटात होते.

हिवाळ्यातली एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. बाहेरच्या शेडमधून आणलेल्या शिशाच्या विटेवर दव धरतं. डोळ्यांना दिसत नाही इतकं. ती वीट मी थेट वितळलेल्या शिशात सोडली आणि फट्कन आवाज होऊन शिसं छतापर्यंत उडालं. पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती शिसं उधळत बाहेर पडते. चेहऱ्यावर पूर्ण झाकण, चामड्याचे हातमोजे आणि जाड जाकीट होतं म्हणून निभावलं. जाकिटाला भोकं पडली. आता प्रत्येक वीट आधी भांड्याच्या काठावर दहा मिनिटं शेकून घेतो, आणि बुटांना बर्फ असेल तर बाकाजवळ फिरकत नाही.

शिशाच्या विषाबद्दल लोक वाफेला घाबरतात. या तापमानाला वाफ नगण्य असते. खरा धोका हाताला लागणाऱ्या शिशाचा आणि मळीतल्या धुळीचा, ती तोंडात जाते तेव्हा. म्हणून गॅरेजचं दार उघडं, पंखा बाहेर फेकणारा, चहा-खाणं बंद, मळी झाकणाच्या डब्यात, ते कपडे वेगळे धुवायचे आणि नातवंडं आलेली असतील तर ओतकामाला सुट्टी. दर वर्षी रक्तातलं शिसं तपासून घेतो. यंदा डेसिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम आलं, डॉक्टरांनी ‘ठीक आहे’ म्हणून मान हलवली.

पैसे वाचतात का? भंगारातलं शिसं मला पौंडाला दोन डॉलरने मिळतं. शंभर गोळ्यांना अडीच पौंड, म्हणजे पाच डॉलर. दुकानात शंभराच्या डबीला वीसच्या आसपास पडतात. पण भांडं, तापमापक, मोजे, पंखा, शेगडी धरून अडीचशे डॉलर घातलेत. हिशोब बायकोला दाखवलेला नाही.

तर साच्याला पाचपैकी पाच तारे. भांड्याला दोन, तेही वितळवतं म्हणून. नव्याने सुरू करणाऱ्याने तोटीच्या मोहात न पडता साधं उघडं भांडं आणि पळी घ्यावी. माझं हवं असेल तर तीस डॉलरला देतो, स्क्रूसकट. पिंड मात्र देणार नाही, ती बाकावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलीय.