सकर परत घेणारं दुकान (नवी पेठ, सोलापूर)

मी "काच साफ करायला एक सकर द्या" म्हटलं (सकर म्हणजे टाकीच्या काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा), तर या मत्स्यालयाच्या दुकानदारांनी पिशवी हातात घ्यायच्या आधी विचारलं, "ताई, टाकी केवढी हाय?" दोन फुटी म्हटल्यावर सरळ नाही म्हणाले. चाळीस-पन्नास रुपयांचा मासा विकायला कोण नकार देतं? शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात मला हाच मासा "घाण खातो, वेगळं खाणं लागत नाही" म्हणून गळ्यात मारत होते. त्यातलं एकही वाक्य खरं नाही.

दुकानात बोटभर दिसणारा तो काळपट, चट्ट्यापट्ट्यांचा सकर म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा टेरिगोप्लिक्थिस. अंगावर खवले नाहीत, हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. तो सव्वा-दीड फुटांपर्यंत वाढतो, दहा वर्षांहून जास्त जगू शकतो, आणि विष्ठा इतकी करतो की लहान फिल्टर हात टेकतो. मोठा झाला की शेवाळ कमी खातो आणि कधीकधी रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर खरवडतो. वरच्या मजल्यावरच्यांच्या टाकीत हे होताना मी पाहिलं आहे, माशांच्या कुशीवर लाल चट्टे उठले होते.

त्याऐवजी दुकानदारांनी ब्रिसलनोज दाखवला. हा त्याच कुळातला, पण पाच-सहा इंचांवर थांबणारा. वयात आलेल्या नराच्या नाकाडावर फांद्या फुटल्यासारख्या मिशा येतात, मादीला नसतातच किंवा कडेला अगदी बारीक. किंमत सकरच्या चौपट होती, तरी मला पटली, कारण ही पिल्लं त्यांनी स्वतः वाढवलेली आहेत. मागच्या खोलीत नेऊन त्यांनी प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा दाखवला. आत केशरी अंड्यांचा घोस, आणि बाप तोंडाशी बसून परांनी सारखा वारा घालत होता. मादी अंडी घालून निघून जाते, पुढची राखण एकट्या नराची. माझा मुलगा तिथून हलायलाच तयार नव्हता. आम्ही एक नर, एक मादी घेतली. दोन नर मागितले असते तर दिले नसते, लहान टाकीत ते एकाच बिळावरून भांडतात.

सोबत लाकडाचा ओंडका घ्यायला लावला. ब्रिसलनोज लाकूड खरवडतो आणि दिवसा त्याच्याच सावलीत बसतो. नव्या लाकडाने पाणी चहासारखं होतं, आठवडाभर भिजत घाला, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. खाण्याचं वेळापत्रकही दिलं: रात्री दिवा बंद केल्यावर शेवाळाची वडी, मधूनमधून काकडीची किंवा वाफवलेल्या दोडक्याची चकती, स्टीलच्या चमच्यात खोचून बुडवायची. उरलेलं सकाळी काढायचं.

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल त्यांच्याकडे जे ज्ञान आहे ते मला इंटरनेटवर कुठे मिळालं नाही. तिथले लोक हीटरबद्दल लिहितात; इथे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसवर गेला की टाकीचं पाणीच तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि ब्रिसलनोज मूळचा वाहत्या, प्राणवायूभरल्या पाण्यातला. यांनी झाकण काढून वर जाळी बसवायला, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडायला आणि बुडबुड्यांचा पंप चोवीस तास चालू ठेवायला सांगितलं. पंख्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, फक्त रोज थोडी भर घालावी लागते. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा पंप. मी हीटर मागितला होता, तो विकला नाही. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, तेव्हा नळाचं पाणी बादल्यांत एक दिवस उघडं ठेवून, दर आठवड्याला पाव टाकी बदला, हेही त्यांचंच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. वरच्या मजल्यावरच्यांचा सकर हातभर झाला होता, आणि ते तो कंबर तलावात सोडून येणार होते. त्यांना वाटत होतं, मासा मोकळा होईल. मी दुकानात फोन केला. "सोडू नका, माझ्याकडं आणा." जाळीत धरू नका, त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा फाटतो, डब्याने उचला, झाकणाच्या बादलीत आणा, असंही बजावलं. मासा आता त्यांच्या मागच्या सिमेंटच्या हौदात आहे. पैसे घेतले नाहीत, दिलेही नाहीत.

हे का महत्त्वाचं आहे, ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा. घराघरांतून सोडलेले हे सकर आता आपल्या जलाशयांत आहेत. जाळी फाडतात, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतात, देशी माशांचं खाणं आणि जागा बळकावतात. त्यांना बाजारात भाव नाही. पाण्यातला प्राणवायू संपला तरी हा मासा वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून श्वास घेतो, म्हणून गढूळ, कुजक्या पाण्यातही तगतो. हौशी माणसाने सोडलेला एक मासा परत पकडता येत नाही. प्रत्येक मत्स्यालयाच्या दुकानात असा हौद असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

अर्धा तारा कापते आहे तो दोन गोष्टींसाठी. शेवाळाच्या वड्या मोठ्या डब्यातून सुट्या भरून देतात, पिशवीवर ना नाव ना तारीख; बंद पाकीट मागून घ्या. आणि टाक्यांवर नुसतं "प्लेको" लिहिलेलं असतं, हे नाव सकर आणि ब्रिसलनोज दोघांनाही वापरतात. लहानपणी ही पिल्लं सारखीच दिसतात, म्हणून विचारल्याशिवाय उचलू नका. पाठीवरचा पर बघा: सकरचा शिडासारखा उंच, दहा किंवा जास्त काड्यांचा, ब्रिसलनोजचा लहान.

रविवारी गर्दीत त्यांना बोलायला सवड नसते. आठवड्यातल्या संध्याकाळी जा, टाकीची लांबी-रुंदी लिहून न्या, आणि मोठा सकर द्यायचा असेल तर आधी फोन करून हौदात जागा आहे का ते विचारा.