दुपारी झोपणारं, पण रॅम ओळखणारं दुकान

लेकीचं माइनक्राफ्ट (कॉम्प्युटरवरचा गेम) जून लागल्यापासून मधेच बंद पडायचं. कधी दहा मिनिटांत, कधी तासाभराने. मी मॉड (गेमला बाहेरून जोडलेली भर) काढले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला, गेम ज्यावर चालतो त्या जावाला जास्त मेमरी दिली. ढिम्म फरक नाही. शेवटी सीपीयू स्कूटरवर पायाशी ठेवून म्हापशाला, बाजारामागे जिना चढून असलेल्या एका कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात नेला. पोचले एक वाजून दहा मिनिटांनी. शटर बंद, साडेतीनपर्यंत विश्रांती! गोंयात जन्म काढून हे विसरले, हा माझाच गाढवपणा.

"कितें जालां, बाय?" मालकाने विचारलं आणि स्क्रू-ड्रायव्हरला हातही न लावता आधी गेमच्या क्रॅश-रिपोर्टच्या फाइली तारखेने लावल्या. दर वेळी चूक वेगळ्याच जागी. "मॉड बिघडला असता तर रोज तोच रडला असता," म्हणाला. मग पेनड्राइव्हवरून मेमरी तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं, तर लाल ओळींची रांग. रॅमच्या, म्हणजे त्या मेमरीच्या, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या आळीपाळीने एकेकटी तपासल्या, तेव्हा एकच चोर निघाली. तिचे पाय खोडरबराने घासूनही पाहिले (पावसाळ्यात आमच्याकडे चपलांना बुरशी येते, तिथे रॅमचं काय), पण ती गेलेलीच होती. तपासणीचे ३०० रुपये घेतले, पट्टीचे वेगळे. बिल मात्र चिठ्ठीवर, पक्कं मागून घ्या.

दुकानाचं खरं मोल पुढे कळलं. पुण्याचा भाचा आमच्या गेमच्या सर्व्हरवर (सगळे मिळून खेळायला जोडले जातात ते घरचं मशीन) येऊच शकत नव्हता, दर वेळी 'टाइम्ड आउट'. राउटरमध्ये गेमचा २५५६५ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) मी उघडला होता. मालकाने फोनवरूनच राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेट कंपनीच्या बाजूचा) वाचायला लावला. १०० ने सुरू होणारा, दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला. म्हणजे सीजीनॅट: इंटरनेट कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला. पोस्टमनला इमारत सापडते, फ्लॅट नंबरच नाही! घरातला पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस तिथवर पोचतच नाही. मागच्या फळीवर राउटरची चळत होती, एक माझ्या गळ्यात सहज मारता आला असता. "नवा घेऊन कांय उपेग ना," एवढंच म्हणाला.

कंपनी वेगळ्या पत्त्याचे दरमहा पैसे मागते. म्हणून सर्व्हर आता भाच्याकडे, त्याला सार्वजनिक पत्ता आहे. तो क्लासला जाताना मशीन बंद करतो आणि इकडे लेक माझ्यावर ओरडते.