'एलएन' कमांड: काही महिने रोज वापरल्यावर

माझा शास्त्रीय संगीताचा संग्रह गायकांच्या नावांनी लावलेला आहे. पण ऐकायला बसलं की मनात आधी रागाचं नाव येतं, म्हणून तीच रेकॉर्डिंग्ज रागवार फोल्डरांतही हवी होती. फाइलला दुसरं नाव किंवा तिच्याकडे नेणारी लिंक देणाऱ्या लिनक्सवरच्या 'एलएन' (ln) कमांडने ते काम डिस्कची जागा न खाता केलं आणि आता मला त्याशिवाय चालत नाही.

रागांच्या फोल्डरांत मी हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलला आणखी एक नाव, केल्या. फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस -एलआय' (ls -li) दिली की दोन्ही नावांपुढे एकच आयनोड क्रमांक (डिस्कवरच्या फाइलचा ओळख क्रमांक) दिसतो आणि परवानग्यांशेजारी 2 हा आकडा. म्हणजे डिस्कवर फाइल एकच, नावं दोन. यात मूळ कुठली आणि नक्कल कुठली हा प्रश्नच उरत नाही. एक नाव उडवलं तर आकडा 1 होतो आणि गाणं जागेवरच राहतं. एवढी साधी, पक्की रचना मला मनापासून आवडते. मात्र हार्ड लिंक फोल्डरची होत नाही, आणि फाइलचीही त्याच फाइलसिस्टीमच्या, म्हणजे साधारणपणे डिस्कच्या त्याच भागाच्या, आत होते. दुसऱ्या डिस्कवर करायला गेलात तर 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक' असं उत्तर येतं.

एक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. काही प्रोग्राम सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुन्या नावावर आणून ठेवतात. तसं झालं की लिंक गुपचूप तुटते: एका नावाखाली नवी फाइल, दुसऱ्याखाली जुनीच. म्हणून न बदलणाऱ्या फाइलींना हार्ड लिंक आणि सतत बदलणाऱ्यांना सिमलिंक (मूळ फाइलचा फक्त पत्ता सांगणारी लिंक), असं माझं आता ठरलेलं आहे.

सिमलिंक 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आली. तिच्यात फक्त पत्ता असतो, त्यामुळे ती फोल्डरचीही होते आणि दुसऱ्या डिस्कवरचीही. माझ्या सगळ्या कॉन्फिग (प्रोग्रामांच्या सेटिंगच्या) फाइली एका गिट फोल्डरात आहेत, जिथे बदलांची नोंद राहते, आणि माझ्या होम फोल्डरात त्यांच्या सिमलिंक. इथे अडतं ते रिलेटिव्ह, म्हणजे एखाद्या फोल्डरापासून मोजलेल्या, पत्त्यावर. तो तुम्ही उभे असलेल्या फोल्डरापासून नव्हे, तर लिंक ज्या फोल्डरात आहे तिथून मोजला जातो. 'एलएन -एसआर' (ln -sr) दिलं की हा हिशेब कमांडच करते. फोल्डरकडे जाणारी लिंक बदलायची असेल तर 'एलएन -एसएफएन' (ln -sfn) द्या. 'एन' द्यायचा राहिला तर नवी लिंक जुन्या फोल्डरच्या आत जाऊन बसते. तुटक्या लिंक शोधायला 'फाइंड . -एक्सटाइप एल' (find . -xtype l) पुरतं.

विंडोजवर याच कामाला 'एमकेलिंक' (mklink) आहे, पण तिथे क्रम उलटा: आधी लिंकचं नाव, मग मूळ फाइल. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी दर वेळी थांबून बघावं.

बॅकअपचं आवर्जून सांगतो. फाइलींची प्रत दुसरीकडे नेणारी 'आरसिंक -ए' (rsync -a) सिमलिंक जशाच्या तशा नेते, हार्ड लिंक मात्र नाही. त्यांच्यासाठी 'एच' (-H) वेगळा, तोही कॅपिटल, द्यावा लागतो. नाही दिला तर पलीकडच्या डिस्कवर प्रत्येक नावाची स्वतंत्र प्रत तयार होते आणि वाचवलेली सगळी जागा तिथे पुन्हा खर्च होते.