आधी स्वरमंडल की तानपुरा?

“तानपुरा मोबाइलवर वाजतोच, मग पैसे स्वरमंडलावरच घालू ना?” गाणं शिकणारी मुलं हल्ली हे हमखास विचारतात. स्वरमंडल म्हणजे मांडीवर घेऊन छेडायचं, रागाच्या स्वरांत लावलेलं बऱ्याच तारांचं वाद्य. मीही असाच हिशेब करून आधी स्वरमंडल घेतलं. मिरजेचा तानपुरा घरी आला तो दोन वर्षांनी.

मोह खोटा नाही. बडे गुलाम अली खाँसाहेबांच्या किंवा किशोरीताई आमोणकरांच्या मांडीवरचं स्वरमंडल पाहिलं की आपल्याकडेही असावं असं वाटतंच. त्यांच्या मागे तानपुरे चालू असतात, हे तेव्हा ध्यानात येत नाही. शिवाय स्वरमंडल रिक्षातून सहज नेता येतं. तानपुरा मी लोकलने कधीच नेला नाही; भोपळ्याला धक्का लागला तर? घरातही एक कोपरा कायमचा त्याचा.

पण राग बदलायची वेळ आली की स्वरमंडल अंत पाहतं. समजा, भूप झाला आणि मालकंस गायचाय. तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून (प) मध्यमावर (म) उतरवली, स्वर बारीक जुळवायचा तारेतला मणी जरासा सरकवला, झालं. स्वरमंडलात षड्ज (सा) सोडून बाकी सगळ्या तारा हलवाव्या लागतात. माझ्याला ३६ आहेत. प्रत्येक खुंटीवर चावी बसवा, किंचित पिळा, छेडून ऐका. शेवटच्या तारेशी पोचेतो पहिल्या उतरलेल्या. पावसाळ्यात तर विचारूच नका. एकदा चावी चुकून शेजारच्या खुंटीवर बसली. मी पिळतोय, स्वर काही चढेना, आणि भलतीच तार तुटून मनगटावर आली. पाऊण तासाच्या रियाजातली २५ मिनिटं चावीतच जायची. मग आठवडाच्या आठवडा मी भूपच गायचो, आवडतो म्हणून नव्हे, लावलेला होता म्हणून.

आणखी एक, माझ्या कानाचाही दोष असेल, पण स्वरमंडल सगळे स्वर आयते देतं. गाताना अडलं की बोट तारेकडे वळायचं. तानपुऱ्यात जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली धागा ठेवून मिळणारा झंकार, जमली की खर्जाच्या (खालच्या सा च्या) तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप ऐकू येणारा ग, उमटतो, आणि तो ऐकायच्या नादात गळा जागेवर येतो. मोबाइलमध्ये मला तो अजून तसा सापडलेला नाही.

ठुमरी-भजनं गाणाऱ्यांनी, एकच राग महिनोन्महिने घोटणाऱ्यांनी स्वरमंडल जरूर घ्यावं. माझंही मी विकलेलं नाही. खोळीत आहे. दिवाळीत मालकंसात लावलं होतं, आता कशात असेल देव जाणे.