घराच्या अंगणासाठी चेरी: योशिनो, कान्झान, वीपिंग हिगान की ओकामे?

नेवार्कचे ब्रांच ब्रुक पार्क एप्रिलमध्ये पाहून आल्यावर न्यू जर्सीतल्या अनेक मराठी कुटुंबांना आपल्याही दारात एक चेरी असावी असे वाटू लागते. कॅरोलाइन बॅम्बर्गर फुल्ड यांनी 1927 मध्ये दिलेल्या झाडांपासून सुरू झालेल्या त्या संग्रहात आज 5,000 हून अधिक चेरी आहेत, त्यामुळे तिथला बहर पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र उद्यानात आपण ते झाड पाहतो ते ऐन फुलोऱ्यातच, आणि अंगणात त्याच झाडाबरोबर वर्षाचे उरलेले साडेअकरा महिनेही काढायचे असतात. म्हणून फुलांचा रंग हा निवडीचा पहिला निकष धरू नये. झाड किती वर्षे जगते, किती पसरते आणि नेमके केव्हा फुलते, हे आधी पाहावे. पुढे विचारात घेतलेल्या चारही चेरी या भागातली थंडी सहज सोसतात, आणि खाण्याजोगे फळ त्यांपैकी एकही देत नाही.

योशिनो ही सर्वांच्या परिचयाची चेरी. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी भेट म्हणून पाठवलेली 3,020 झाडे 1912 मध्ये वॉशिंग्टनला पोहोचली, त्यांत सर्वांत मोठा वाटा हिचाच होता. पाने फुटण्याआधी पाच पाकळ्यांची फिकट गुलाबी, उमलताच जवळजवळ पांढरी होणारी फुले येतात आणि पूर्ण फांदी त्यांनी झाकून जाते. जगभरातल्या योशिनो कलमांनी वाढवलेल्या, म्हणजे मूळ एकाच झाडाच्या प्रती आहेत. रांगेतली सगळी झाडे एकाच वेळी फुलतात ती त्यामुळेच. परंतु ही शोभा रांगेची आहे, आणि अंगणात लावायचे असते एकच झाड. त्या एका झाडाला उंचीला आणि पसाऱ्याला प्रत्येकी तीस ते चाळीस फूट जागा लागते. ज्यांचे अंगण खरोखर मोठे आहे, त्यांनी योशिनो निःशंकपणे लावावी. चाळीस-पन्नास वर्षे ती सोबत करते. पदपथाला लागून असलेल्या अरुंद पट्टीत मात्र तिची वरवर पसरणारी मुळे पुढे फरशा उचलतात.

कान्झान नर्सरीत सर्वांत लवकर मन जिंकते. गर्द गुलाबी, वीस-तीस पाकळ्यांची भरगच्च फुले झुबक्यांनी लोंबतात आणि त्यांच्याबरोबरच तांबूस रंगाची कोवळी पाने फुटतात. फूल हातात घेऊन मधल्या पाकळ्या अलगद बाजूला केल्या, तर स्त्रीकेसराच्या जागी दोन चिमुकली हिरवी पाने दिसतात. या झाडाला फळ धरत नाही याचे कारण तिथेच आहे, आणि अंगणात फळांचा सडा पडत नाही ही त्यातली सोय. जपानमध्ये हीच फुले मिठात मुरवून ठेवतात आणि लग्नप्रसंगी गरम पाण्यात घालून पाहुण्यांना देतात. योशिनोनंतर सुमारे दोन आठवड्यांनी फुलत असल्यामुळे उशिराच्या थंडीचा फटका हिला फारसा बसत नाही, आणि शरदात पानेही केशरी होतात. एवढे गुण असूनही मी कान्झानची शिफारस हात राखूनच करतो, कारण तिचे आयुष्य बहुधा पंधरा ते पंचवीस वर्षांचेच असते. लहान मुलांच्या हातून लावलेले झाड त्यांच्या लग्नापर्यंत टिकावे अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

आयुष्य हाच निकष धरला, तर हिगान कुळाला तोड नाही. फुकुशिमातल्या मिहारू गावची ताकिझाकुरा ही लोंबत्या फांद्यांची हिगान हजार वर्षांहून जुनी मानली जाते आणि आजही फुलते. न्यू जर्सीच्या अंगणात हजार वर्षांचा हिशेब कोणी करणार नाही हे खरे, पण दोन पिढ्यांचा नक्की करता येतो. हिची ओळख पटवायची असेल, तर पाकळ्यांखालची नळी पाहावी. ती बुडाशी इवल्याशा मडक्यासारखी फुगीर असते. खरेदी करताना सर्वाधिक चोखंदळपणा इथेच दाखवावा लागतो. नर्सरीतल्या बहुतेक वीपिंग चेरी सरळ वाढणाऱ्या खुंटावर चार-सहा फूट उंचीवर कलम बांधून तयार केलेल्या असतात. कलमाच्या खालून फुटवे आले आणि ते वेळीच काढले नाहीत, तर ते सरळ वर जातात, जोमाने वाढतात आणि काही वर्षांत मूळ झाडावर कुरघोडी करतात. एकाच झाडाचा अर्धा भाग लोंबता आणि अर्धा ताठ उभा दिसतो, तो याच दुर्लक्षामुळे. जमिनीलगत कलम केलेले झाड मिळाले, तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावे.

ओकामे ही इंग्लंडमध्ये कॉलिंगवुड इनग्राम यांनी तयार केलेली संकरित जात. वीस-पंचवीस फुटांत मावणारी, गुलाबी रंगाची आणि चौघींत सर्वांत आधी, साधारण मार्चच्या उत्तरार्धात फुलणारी ही चेरी लहान अंगणाला शोभते. लवकर फुलणे हाच तिचा गुण आणि हाच तिचा धोका. फेब्रुवारीत ऊब आली की कळ्या फुगतात आणि मागाहून कडाक्याची थंडी पडली की करपतात. 2017 च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनमधल्या योशिनोंचा सुमारे अर्धा बहर असाच गेला होता; ओकामेच्या बाबतीत हा संभव अधिकच आहे.

गुढीसमोर चेरी फुललेली असावी अशी हौस असणाऱ्यांनी पंचांगही पाहून घ्यावे. पाडवा 2024 मध्ये 9 एप्रिलला, 2025 मध्ये 30 मार्चला आणि 2026 मध्ये 19 मार्चला होता. एवढा फरक पडत असल्यामुळे कोणतीही एक चेरी दरवर्षी हा मुहूर्त साधू शकत नाही. ओकामे आणि योशिनो मिळून तो अधूनमधून साधतील, कान्झान जवळजवळ कधीच नाही.

माझे मत विचाराल, तर मध्यम आकाराच्या अंगणासाठी मी जमिनीलगत कलम केलेली वीपिंग हिगान निवडेन, आणि जागा अगदीच कमी असेल तर थंडीचा धोका पत्करून ओकामे. कोणतीही लावली, तरी दिवसाला किमान सहा तास ऊन हवे, लाकडाच्या भुग्याचा थर खोडाला टेकता कामा नये आणि गवत कापायच्या यंत्राने साल सोलली जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण चेरीची जखम लवकर भरत नाही आणि खोडकिडा तिथूनच शिरतो. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होत असल्यामुळे छाटणी बहर ओसरताच उरकावी. पावसानंतर ज्या कोपऱ्यात पाणी दिवसभर साचून राहते, तिथे मात्र या चौघींपैकी एकही लावू नये.