न्वारची सुरुवात कुठून: 'द बिग स्लीप' की 'डबल इन्डेम्निटी'?

फिल्म न्वार, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतले सावल्यांनी भरलेले अमेरिकी गुन्हेपट, बघायला घ्यायचं म्हटलं की बहुतेकांचं या दोन नावांपाशी येऊन अडतं. मी दोन्ही आधी एकट्याने पाहिले आणि नंतर मामाला शेजारी बसवून दाखवले. त्या अनुभवावरून सांगतो.

नट-नटीसाठी बघणार असाल तर 'द बिग स्लीप' (१९४६) घ्या. हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल १९४५ च्या मे महिन्यात लग्न करून मोकळे झाले होते. सिनेमा तयार होता, तरी वॉर्नर ब्रदर्सने तो थांबवून या जोडीचे नवे प्रसंग चित्रित करून घातले. घोड्यांच्या शर्यतीच्या आडून चाललेलं दोघांचं सूचक बोलणं त्यातलंच. पुस्तकाच्या दुकानातला डोरोथी मलोनचा छोटासा प्रसंग तर मी कितीदा पाहिला असेन! बाहेर पाऊस, ती दुकानाचा पडदा ओढून घेते, चष्मा काढते, केस मोकळे करते. बस्स, एवढंच.

मला नडली ती सबटायटल्स. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सच्या या सिनेमात माणसं भराभर बोलतात, आणि आपली नजर पडद्याच्या तळाशी अडकून राहते. न्वारचं सगळं सुख तर वर असतं, अर्ध्या चेहऱ्यावरच्या सावलीत, टोपीच्या कडेखालच्या डोळ्यांत. त्यात नावांची गर्दी. "हा रीगन कोण रे?" मामाने विचारलं. रीगनबद्दल सगळे बोलतात, पण तो पडद्यावर येतच नाही. थांबवा, समजावून सांगा, मागे न्या. तिसऱ्यांदा थांबवल्यावर मामा म्हणाला, "तू बघ, मी जेवून घेतो." गोष्टीतल्या एका ड्रायव्हरला कोणी मारलं हे मूळ कादंबरी लिहिणाऱ्या रेमंड चँडलरलाही सांगता आलं नव्हतं म्हणतात, मग मामाचं काय चुकलं? दुसऱ्यांदा बघताना हा गोंधळ टोचत नाही, पण पहिल्यांदा टोचतो. निदान आम्हाला टोचला.

'डबल इन्डेम्निटी'च्या (१९४४) पटकथेतही हाच चँडलर आहे, दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या जोडीने. पण इथे पहिल्या काही मिनिटांतच जखमी विमा-एजंट वॉल्टर नेफ (फ्रेड मॅकमरे) रात्री ऑफिसात येऊन डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज नोंदवायच्या यंत्रावर, खुनाची कबुली देतो. कोणी केलं, का केलं, सगळं कळतं. मग डोळे मोकळे होतात. खिडकीच्या पट्ट्यांमधून भिंतीवर सांडलेला उजेड, जिना उतरणाऱ्या बार्बरा स्टॅनविकच्या पायातली साखळी, सगळं निवांत बघता येतं.

मामा तीस वर्षं विम्याचा एजंट. रेल्वेत अपघात झाला तर दुप्पट रक्कम, हे कलम आल्यावर तो सावरून बसला. विमा कंपनीत क्लेम तपासणारा कीज (एडवर्ड जी. रॉबिन्सन) आत्महत्यांचे प्रकार धडाधडा मोजून दाखवतो, तेव्हा म्हणाला, "क्लेमवाला असाच पाहिजे!" आणि मग तो मोटारीचा प्रसंग. तिच्या नवऱ्याचं प्रेत रुळांवर टाकून स्टॅनविक आणि नेफ मोटारीत परत आलीत. ती मोटार सुरू करायला जाते, इंजिन घरघरतं आणि बंद पडतं. पुन्हा तेच. दोघं एकमेकांकडे बघतात. खाली वाचायला एक अक्षर नाही. मामाने माझं मनगट धरलं होतं.

उणं म्हणाल तर स्टॅनविकचा सोनेरी विग खोटा वाटतो, आणि फ्रेड मॅकमरे काही बोगार्ट नव्हे. बोगार्टसाठीच बसला असाल तर माझं ऐकू नका. पण एकच रात्र हाताशी असेल आणि शेजारी कोणी नवखं असेल, तर मी 'डबल इन्डेम्निटी'च लावेन.

कीजच्या खिशात काडी कधीच नसते, नेफ दर वेळी अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याचा सिगार पेटवतो. त्या काडीवर पहिल्यापासून लक्ष ठेवा. शेवटच्या प्रसंगात मामा बराच वेळ काही बोलला नाही.